दादरचा दाणा, दादरचा कडबा

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूरला जामनेरच्या बाजूला वळलं, की जानेवारीत दुतर्फा काय दिसतं? बोंडं वेचून झालेल्या पऱ्हाट्या, फरदडीच्या आशेने अजून पाणी पीत उभा असलेला कापूस, मका, हरभरा, थोडा गहू आणि विहिरीला पाणी असेल तिथे केळी. माणसाच्या वर डोकं काढून उभी राहणारी दादर मात्र शोधावी लागते. एखाद्या वावरात दिसते, मग बराच वेळ दिसत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वळण घेऊन खाली उतरणारी वाघूर, जामनेर गावातून वाहणारी कांग, यांच्या खोऱ्यांतल्या खोल काळ्या जमिनी दादरसाठीच असल्यासारख्या आहेत. त्या जमिनींतूनच ही ज्वारी हटत गेली.

हा लेख दादरच्या आठवणीत रमण्यासाठी लिहिलेला नाही. माणसाला अन्न आणि जनावराला चारा अशी दोन्ही कामं एकाच पिकाने करावीत, यासाठी जगभर दीडशे वर्षं संशोधन चाललं आहे. खान्देशाच्या हातात तसं पीक आधीपासून होतं. ते मोजताना मात्र आपण त्याचा अर्धाच भाग मोजला. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठी आधी जरा लांब, स्कॉटलंडपर्यंत जावं लागेल.

१८७५ साली स्टीफन विल्सन या स्कॉटिश अभ्यासकाने गहू आणि राय या दोन धान्यांचा संकर केल्याची हकीकत एडिंबरोच्या वनस्पतिशास्त्रज्ञांपुढे मांडली. राय हे युरोपातल्या थंड, रेताड, निकस जमिनीत तग धरणारं धान्य. गव्हाचा दाणा आणि रायचा काटकपणा एका रोपात आला तर किती बरं, असा तो विचार होता. रोपं आली, पण वांझ निघाली. त्यांना बी धरेना. १८८८मध्ये जर्मनीत रिंपाऊ यांच्या हाती बी धरणारा संकर लागला. या नव्या धान्याला ट्रिटिकेल हे नाव मिळायला १९३५ साल उजाडलं. दोनच वर्षांनी कोल्चिसीन या द्रव्याने रोपातल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, असं लक्षात आलं. तेव्हा कुठे वांझपणाची अडचण हवी तेव्हा दूर करण्याचं साधन हाती आलं. पुढे १९५४पासून कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाने काम उभं केलं. मेक्सिकोतल्या गहू-मका संशोधन केंद्रात नॉर्मन बोरलॉग यांच्या पाठबळाने ते वाढलं. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘आर्माडिलो’ नावाचा, भरघोस बी धरणारा वंश अचानक हाती आला आणि ट्रिटिकेल प्रयोगशाळेतून शेतात उतरलं.

त्या काळी ट्रिटिकेलकडे जगाच्या भुकेवरचं उत्तर म्हणून पाहिलं जात होतं. त्याच्या प्रथिनांत लायसीन गव्हापेक्षा जास्त होतं. पण दाणा सुरकुतलेला भरायचा आणि पिठात गव्हासारखा चिवटपणा नव्हता. पाव फुगेना, पोळी नीट लाटली जाईना. भारतात लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ‘टीएल’ मालिकेतले वाण काढले. तरी पंजाबी घरातल्या परातीत गव्हाची जागा काही त्याला मिळाली नाही. तिकडे युरोपात मात्र त्याला आपली जागा सापडली, ती गोठ्यात. आज पोलंड हा ट्रिटिकेल पिकवणारा सर्वांत मोठा देश आहे आणि तिथला बहुतेक दाणा डुकरं, कोंबड्या आणि गाईंच्या पोटात जातो. कुठे ते हिरवंच कापतात, कुठे त्याचा मुरघास करतात, कुठे आधी चरायला देऊन नंतर दाणा काढतात. म्हणजे माणसाच्या ताटासाठी निघालेलं पीक जनावराच्या दावणीत स्थिरावलं. त्याला अपयश म्हणणं बरोबर नाही. अख्खं रोप हे उत्पन्न आहे, असं तिथल्या संशोधकांनी आणि शेतकऱ्यांनी मानलं, म्हणूनच ते पीक टिकलं.

ट्रिटिकेल खान्देशात आणा, असं मी म्हणत नाही. आपला हिवाळा आखूड. फेब्रुवारीतच ऊन चढतं आणि दाणा भरायच्या वेळी पीक होरपळतं. गव्हालाच जिथे ही ओढाताण सोसवत नाही, तिथे रायच्या नातेवाइकाला काय सोसवणार? शिवाय आपल्याला ते हवं कशाला? दादर होतीच की.

दादर ही रब्बी ज्वारी. मूग-उडीद निघाल्यावर मोकळ्या झालेल्या, किंवा पावसाळाभर पड ठेवून कुळवाच्या पाळ्या दिलेल्या काळ्या जमिनीत तिची पेरणी होते. त्यानंतर पाऊस नाही, बहुतेक ठिकाणी पाणीही नाही. जमिनीने पावसाळ्यात जेवढी ओल पोटात धरली, तेवढ्यावर चार महिने काढायचे. म्हणून पेरणीची वेळ साधणं ही कसोटी असते. सप्टेंबरात फार लवकर पेरलं तर खोडमाशी पोंगा मारते. ऑक्टोबराचा मध्य ओलांडला तर दाणा भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. डिसेंबरात काळी जमीन भेगाळू लागते आणि भेगांतून ओल उडून जाते. त्यावर उपाय कोळपणीचा. तिसऱ्या आठवड्यात पहिली, पाचव्यात दुसरी आणि आठव्यात दातेरी कोळप्याने तिसरी, म्हणजे भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात आणि कृषी विद्यापीठाची शिफारसही तेच सांगते. पीक ओलीला फारच कमी पडलं तर बुडाशी खडखड्या लागतो, धाट आतून पोकळ होतं आणि पीक आडवं पडतं. असं पीक पडलं की दाणा हलका भरतो आणि कडबाही काळवंडतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

पीक नीट आलं तर मात्र घर आणि गोठा दोन्ही भरतात. दाणा टपोरा, पांढरा, चकाकीचा. त्याच्या पिठात गव्हासारखा चिकट प्रथिनांचा आधार नसतो. भाकरी उभी राहते ती गरम पाण्याने फुललेल्या पिष्टावर. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते, हे कुठलीही सुगरण प्रयोगशाळेशिवाय ओळखते. दादरच्या ताज्या पिठाची भाकरी हातावर फिरते. उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत हे खान्देशाचं थंडीतलं जेवण. उन्हाळा लागला की बिबड्यांची धांदल. ज्वारी भिजवून, कांडून, दळून तिचा घाटा शिजवायचा. त्यात लसूण, मिरची, तीळ घालायचे आणि ओल्या कापडावर पातळ थापून गच्चीवर वाळवायचं. शिजताना हा घाटा मऊ आणि एकजीव व्हावा लागतो, तो फाटला तर दिवस वाया. म्हणून बिबड्यांसाठी बायका दादर मागतात, संकरित ज्वारी नको म्हणतात.

आणि कडबा. खान्देशात ज्वारीचा कडबा शेकड्याने विकला जातो. शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या. धाट गोड, पानं रुंद आणि वाळल्यावरही हिरवट राहिलेली असली की भाव चढा. व्यापारी पेंढी हातात घेतो, धाट मोडून बघतो, वास घेतो आणि भाव बोलतो. ही पारख किती अचूक असते, हे पुढे शास्त्रज्ञांनी मोजलं. ती हकीकत सांगण्याआधी १९६४ सालाबद्दल बोलायला हवं, कारण दाणा आणि कडबा यांची फारकत तिथून सुरू झाली.

१९६४मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. अमेरिकेतल्या बुटक्या वंशाची मादी वापरून केलेला हा वाण ठेंगणा, शंभरेक दिवसांत येणारा आणि खताला प्रतिसाद देणारा होता. दाणा खूप द्यायचा. खरीपात त्याने महाराष्ट्राचं चित्र बदललं, हे कबूल केलंच पाहिजे. १९७२च्या दुष्काळात रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी घेण्यासाठी रांगा लागल्या होत्या. जे धान्य तिकडे जनावरांसाठी पिकत होतं, ते इथल्या माणसांनी खाल्लं. त्या पिढीला दाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. अशा काळात संशोधकांनी एकरी दाणाच वाढवायचा ध्यास घेतला, यात त्यांचा दोष नाही.

पण शेतकऱ्यांनी संकरित वाण सरसकट का स्वीकारले नाहीत, हा प्रश्न उरला. खरीपात स्वीकारले, रब्बीत नाहीत. रब्बीच्या पट्ट्यात मालदांडीने आपली जागा सोडली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली ही ‘एम ३५-१’ आज नव्वदीच्या घरात आहे, तरी अजून पेरली जाते. त्याचं एक कारण थंडी आणि ओलीचा ताण सोसण्याची तिची ताकद. दुसरं, भाकरीची चव. तिसरं कारण कडबा, आणि बराच काळ कुणी त्याकडे पाहिलं नाही. ठेंगण्या वाणाने दाणा जास्त दिला तरी गोठा रिकामा राहत असेल, तर कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब जुळत नाही. खरीपातल्या संकरित ज्वारीची आणखी एक अडचण होती. ती लवकर पक्व व्हायची आणि नेमकी परतीच्या पावसात सापडायची. दाणा बुरशीने काळा पडायचा, बाजारात कवडीमोल व्हायचा. जामनेरसारख्या भागात खरीप ज्वारी मागे पडली आणि तिची जागा कापूस, मका, सोयाबीनने घेतली, त्यात या काळ्या दाण्याचा वाटा मोठा आहे.

कडब्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळलं ते बाजारामुळे. हैदराबादजवळच्या पतनचेरू इथल्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांना भावांच्या नोंदींत एक गोष्ट दिसली. १९७०च्या सुमारास ज्वारीच्या दाण्याचा भाव वजनाला वजन कडब्याच्या सहापट होता. वीस वर्षांत तो तिपटीवर आला. दाणा स्वस्त होत गेला आणि चारा महाग. मग २००४-०५मध्ये तिथल्याच पशुधन संशोधकांनी हैदराबादच्या कडबा बाजारात महिनोन् महिने जाऊन वेगवेगळ्या प्रतींच्या कडब्याचे नमुने घेतले, भाव लिहून घेतले आणि प्रयोगशाळेत पचनीयता तपासली. हलक्या कडब्याची पचनीयता सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास, चांगल्याची बावन्नच्या आसपास. फरक पाच टक्क्यांचा, पण भावात पाव हिश्श्याहून अधिक. व्यापाऱ्यांकडे कसलंही यंत्र नव्हतं. हाताने, नजरेने आणि म्हशीच्या दुधावरून त्यांनी जे ठरवलं होतं, त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. गोठ्यातल्या माणसाचं ज्ञान आकड्यात मांडलं, तेव्हा कुठे ते वाण तयार करणाऱ्यांच्या कोष्टकात शिरू शकलं.

दाणा वाढला तर कडब्याची प्रत घसरणारच का? असा समज होता खरा, पण तो पूर्ण बरोबर ठरला नाही. एकाच वजनाचा दाणा देणाऱ्या वाणांच्या कडब्यात पचनीयतेचा चांगला फरक सापडतो. म्हणजे निवडीला वाव आहे. त्यासाठी दोन वाटांवर काम झालं. एक, दाणा भरतानाही पानं हिरवी ठेवण्याच्या गुणाची. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला हा गुण असलेली रोपं ओलीच्या ताणातही लवकर करपत नाहीत, खडखड्याला दाद देत नाहीत आणि कडब्यात पोषण जास्त शिल्लक राहतं. रब्बी ज्वारीसाठी तर एका दगडात दोन पक्षी. दुसरी वाट काष्ठद्रव्य कमी करण्याची. धाटाला ताठपणा देणारं हे द्रव्य जनावराच्या पोटात पचत नाही आणि सोबतचा पचणारा भागही अडवून धरतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९७८मध्ये पानाची मधली शीर तपकिरी असलेली ज्वारीची रोपं मिळाली, त्यांत हे द्रव्य कमी होतं. चारा उत्तम, पण धाट नरम पडलं तर आठ-नऊ फुटी पीक वाऱ्यात लोळेल, ही भीती उरते. हिरव्या चाऱ्यासाठी हा गुण कामाचा. उभ्या दादरमध्ये तो जपून आणावा लागेल.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीत जे केलं, त्याची नोंद आदराने घ्यायला हवी. जमिनीच्या खोलीप्रमाणे त्यांनी वेगळे वाण दिले: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. पापडासाठी फुले रोहिणी, लाह्यांसाठी फुले पंचमी, हुरड्यासाठी फुले मधुर हेही वाण आले. परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली. या संशोधकांनी कडबा नजरेआड केला नाही. वाणाच्या माहितीत दाण्यासोबत कडब्याचेही क्विंटल ते देतात. इकडे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बाजरी संशोधन योजनेने पश्चिम खान्देशासाठी असंच काम केलं आहे. इक्रिसॅट आणि राहुरी यांच्या सहकार्याने २०१४मध्ये आलेली ‘धनशक्ती’ बाजरी दाण्यात लोह वाढवलेली आहे. धुळ्याने पुढे ‘आदिशक्ती’, ‘महाशक्ती’सारखे संकरित वाण दिले. साक्री-शिंदखेड्याच्या हलक्या जमिनीत बाजरीच्या सरमाडावर कितीतरी जनावरं उन्हाळा काढतात, हे मात्र या यशाच्या बातमीत क्वचित येतं.

मग एवढं सगळं असताना जामनेरला दादर का कमी झाली? उत्तर बियाण्यात कमी आणि भोवतालात जास्त आहे. शिवारात सगळीकडे कापूस आणि मका असताना एकट्याची दादर निसवली, की गावभरची पाखरं त्याच वावरात उतरतात. पूर्वी शंभर वावरांत वाटून जाणारं नुकसान आता एकाच्या माथी. गोफण घेऊन माळ्यावर बसायला घरात माणूस नाही. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या गावांत रानडुक्कर आणि नीलगाय यांचा त्रास वेगळा. कापणीही हातानेच करावी लागते. कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या, गंज रचायची. उंच पिकात मोठं यंत्र चालत नाही आणि चाललं तरी कडब्याचा भुगा होतो. फेब्रुवारी-मार्चात मजूर मिळणं मुश्कील. मका हार्वेस्टरने निघतो, व्यापारी दारात येतो. मक्यापासून इथेनॉल करायला लागल्यापासून तर त्याचं गिऱ्हाईक आणखी वाढलं. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे बैल कमी झाले. ज्या घरात बैलजोडीच नाही, तिथे कडबा ही गरज उरत नाही, विक्रीचा माल होतो. म्हणजे आता त्याला चांगला बाजार हवा.

बाजाराची स्थिती अशी. केंद्र सरकार ज्वारीचा हमीभाव जाहीर करतं, तो दाण्याचा. २०२४-२५ला संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३३७१ आणि मालदांडीला ३४२१ रुपये होते. ओलीवर वाढलेल्या, चार महिने सांभाळलेल्या आणि हाताने कापलेल्या ज्वारीचा मान पन्नास रुपयांनी जास्त! कडब्याला तर हमीभाव नाहीच. दुष्काळ पडला की चारा छावण्या उघडतात आणि दूरवरून ट्रक भरून चारा येतो. तोच चारा आपल्या तालुक्यात पिकावा म्हणून चांगल्या वर्षी काही तजवीज नसते. राज्यात १९६०-६१ला ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर होते. आता ते तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली घसरले आहेत. हा आकडा धान्याच्या खात्यात लिहिला जातो. चाऱ्याच्या खात्यात तो मांडला, तर दुधाचा उत्पादन खर्च का वाढला, याचं निम्मं उत्तर तिथे सापडेल, असं माझं मत आहे.

काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. कडबा अख्खा टाकला तर जनावर पानं खातं आणि धाटं तुडवतं. कुट्टी केली तर वाया जाणं खूपच घटतं. १०० किलो कुट्टीवर ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, मग ती कुट्टी दाबून, झाकून तीन आठवडे ठेवायची. प्रथिनं वाढतात, पचन सुधारतं. हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावं आणि लहान वासरांना देऊ नये. कोवळी ज्वारी किंवा पाण्याच्या ताणात सुकलेली हिरवी ताटं जनावराला घालू नयेत. त्यातल्या विषाने किराळ लागतं आणि तासाभरात धडधाकट गाय दगावते. या गोष्टी जुन्या आहेत, पण दादर दुर्मीळ झाल्यावर घराघरातून विसरल्याही जात आहेत.

दादर पुन्हा लावायची असेल, तर एकट्याने नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी सलग शिवारात लावली तर पाखरांचं नुकसान वाटलं जाईल, कापणीची टोळी एकदाच बोलावता येईल आणि कडब्याचा शेकडा एकत्र विकता येईल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जालन्याच्या दगडी ज्वारीनेही ते मिळवलं. नाव असलं की दाण्याला गिऱ्हाईक मिळतं, हे त्यांनी दाखवलं. खान्देशातल्या शेतकरी कंपन्यांनी आणि दूध संघांनी मिळून दाणा शहराला व कडबा गोठ्याला, असा करार का करू नये? दूध संघाला चारा हवा आहे, पुण्या-मुंबईतल्या खान्देशी घरांना बिबड्यांची दादर हवी आहे. दोघांचं वावर एकच आहे.

राहुरी, परभणी आणि सोलापूरच्या संशोधकांना एक विनंती आहे. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या शिफारशीत दाण्याचे आणि कडब्याचे क्विंटल असतात, कडब्याची पचनीयता सहसा नसते. यापुढे रब्बी ज्वारीचा वाण प्रसारित करताना तो आकडाही छापावा, आणि चाचणीचा एक प्लॉट जामनेरच्या शिवारात, शेतकऱ्याच्या वावरात घ्यावा. त्या चाचणीत दाण्याची भाकरी गावातल्या बायकांनी पारखावी आणि कडब्याचा भाव कडब्याच्या व्यापाऱ्याने सांगावा.

आणि वाचकांनो, यंदा घरी ज्वारी घ्याल तेव्हा दुकानदाराला दादर आहे का, ते विचारा. असली तर दोन रुपये जास्त द्या. त्या दाण्यामागे कुणाच्या तरी गोठ्याचा उन्हाळा असतो.